थोडं चुरचुरलं तर समजावं

"मावशी कधी चुकत नाहीत!" बायकोने छातीठोकपणे सांगितलं आणि उपसंपादकांनी चहाच्या कपामागे तोंड लपवून हसू आवरलं. आपली स्तुती दुसऱ्याच्या नावाने ऐकण्यात जी गोडी आहे, ती साखरेतही नाही!

कारण मंडळी, मावशी म्हणजे तेच होते.

दर आठवड्याला घरोघरी चवीने वाचलं जाणारं 'मावशींचा सल्ला' हे सदर ज्या मावशी लिहीत, त्या प्रत्यक्षात पँट-शर्ट घालत, बसला लोंबकळत कचेरीत येत आणि ओठावर कुंच्यासारख्या भरघोस मिशा बाळगत. त्या मिशांवर उपसंपादकांचा भारी जीव! सकाळी देवाला हात जोडून झाले की आरशासमोर उभं राहून मिशा विंचरायच्या, मगच चहा.

"हे बघा," संपादकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरातसुद्धा बोलायचं नाही. मावशींना मिशा आहेत हे एकदा बाहेर फुटलं, की आपला पेपर काचा पुसायलाच उरेल!"

उपसंपादकांनी शब्द पाळला. शिवाय त्यात त्यांची सोयही होती. नवऱ्याने सांगितलं तर बायको ऐकायची नाही, पण तेच मावशींनी छापून सांगितलं की घरात लगेच अंमल! 'रात्रीचं जेवण हलकं असावं', 'नवऱ्याच्या मागे भाजीसाठी लकडा लावू नये', अशा कितीतरी सोयी उपसंपादकांनी मावशींच्या तोंडून करून घेतल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, एवढे उपाय त्यांना सुचायचे कुठून? तर टेबलावरून! समोर कॉफीचा कप असला की त्या आठवड्यात कॉफी. शेजाऱ्याने डबा उघडला की त्यातला कांदा. संपादकांना खोकला झाला तेव्हा त्यांच्या टेबलावरची मधाची बाटली कितीतरी आठवडे उपयोगी पडली. आणि कुणाचं काही बिघडलंच तर आपल्यावर येऊ नये म्हणून प्रत्येक उपायाखाली एक वाक्य ठरलेलं, 'थोडं चुरचुरलं तर समजावं, गुण येतोय.' त्याला जोडून वाचक भगिनींचं आवडतं दुसरं, 'पुरुषमाणसं उगीच आरडाओरडा करतात, तिकडे लक्ष देऊ नये.' आणि शेवटी जागा उरली तर, 'जपा हं पोरींनो.'

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना उपसंपादकांचं डोकं खाजू लागलं.

आधी टाळूच्या मधोमध एखादी मुंगी फिरायला निघाल्यासारखं वाटलं. हात वर गेला. मुंगी कानामागे पळाली. हात कानामागे गेला. मुंगी मानेवर! संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सगळ्या डोक्यात मुंग्यांचं संमेलन भरलं होतं आणि अध्यक्षांचं भाषण काही संपत नव्हतं. देवाने माणसाला दोन हात दिले ते जोडायला. उपसंपादकांचे दोन्ही खाजवण्यात गुंतले!

"अहो, हे काय माकडासारखं?" बायको म्हणाली.

"डोक्यात काहीतरी चालतंय गं!"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!" ती म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली. "बसा इथे. मावशींनी सांगितलंय यावर."

उपसंपादक निमूट बसले. मावशींनी यावर काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना. बायकोला मात्र मावशी तोंडपाठ होत्या. एखाद्या भाविकाने ऐकलेलं निरूपण अक्षरन् अक्षर मनात साठवावं, तशा!

"टाळूला खाज असता कांद्याचा रस चोळून जिरवावा."

तिने चोळला. जिरवला.

"अगं, आग! आग होतेय!"

"थोडं चुरचुरलं तर समजावं, गुण येतोय."

"अगं, डोळ्यांत गेलं!"

"पुरुषमाणसं उगीच आरडाओरडा करतात," बायको शांतपणे म्हणाली आणि दुसरा कांदा किसायला घेतला.

उपसंपादकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तक्रार करणार कुणाकडे? ज्या काठीने मार बसत होता, ती त्यांनीच तासून, पॉलिश करून घरोघरी वाटली होती!

कांद्याने खाज गेली नाही. उलट तिला जोर चढला. मग आली व्हिनेगरमध्ये कालवलेली वाटलेली मोहरी. त्या लेपाने असा वास सुटला, की बसमध्ये माणसं दाराला लटकत होती आणि उपसंपादकांच्या दोन्ही बाजूंच्या जागा मोकळ्या होत्या! एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर कंडक्टरला विचारलं, "बसमध्ये लोणचं न्यायला परवानगी आहे का हो?"

मग मध आला. मध गोड. मध थंड. चुरचुरला नाही, आग झाली नाही. उपसंपादकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि उशीवर डोकं टेकलं.

सकाळी संपादकांच्या खोलीत बैठक सुरू असताना एक मुंगी उपसंपादकांच्या कपाळावरून उतरली, नाकाच्या शेंड्यावर क्षणभर थांबली आणि टुणकन उद्याच्या अग्रलेखावर पडली. मागोमाग दुसरी आली. मग तिसरी, तोंडात काहीतरी घेऊन!

"अहो," संपादक खुर्ची मागे सारत म्हणाले, "हे तुमच्या डोक्यातून येतंय!"

इतके दिवस डोक्यात काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं. आता खरोखरच चालत होतं, आणि तेही रांगेत!

उपसंपादक तसेच उठले ते थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी भिंगातून डोकं पाहिलं, मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मुळात साधा कोंडा होता हो. पण वर हे काय काय लावलंत?"

उपसंपादकांनी सांगितलं.

"आणि हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मावशींनी," ते खाली बघत पुटपुटले.

"पेपरातल्या? पुन्हा त्याच!" बाईंनी भिंग टेबलावर आपटलं. "अहो, माझ्याकडचे निम्मे पेशंट त्या बाईने पाठवलेत! एकदा नुसती माझ्यासमोर येऊन बसू दे ती!"

उपसंपादक खुर्चीत जमेल तितके आक्रसले. "कामात असतील त्या," एवढंच बोलले आणि शाम्पूची चिठ्ठी घेऊन पळाले.

तो शाम्पू त्यांनी न्हाणीघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी बाटली होती, पण आत शिळं दही होतं!

"शाम्पू मोरीत ओतला," बायको म्हणाली. "दुकानातल्या बाटलीवर विसंबाल तर केसांना मुकाल, मावशींनी स्पष्ट लिहिलंय."

लिहिलं होतं. एकदा सदरात एक ओळ कमी पडत होती, म्हणून!

त्या दिवशी दह्याने माखलेलं डोकं दोन्ही हातांत धरून उपसंपादक बराच वेळ पाटावर बसून राहिले. दार लावून देवाला म्हणाले, "देवा, तुला आळवायला तोंड नाही मला. जे पेरलं ते माझ्याच टाळूवर उगवलंय." अंगातली सगळी उमेद त्या दह्याबरोबर ओघळून गेली. खरं सांगावं, तर बायकोचा मावशींवरचा विश्वास मोडतो. न सांगावं, तर डोकं जातं! मग त्यांना वाटलं, मावशींनीच घातलेला घोळ मावशींनीच निस्तरावा.

त्या आठवड्याला त्यांनी सदर लिहिलं ते असं: 'पोरींनो, डोकं खाजत असेल तर त्याला काहीही लावू नका. साध्या पाण्याने धुवा. थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. आणि नवरा ओरडत असेल, तर त्याला खरंच दुखतंय असं समजा.'

मावशींच्या उभ्या आयुष्यातलं हे पहिलं खरं लिखाण!

पेपर आला. बायकोने वाचला. पुन्हा वाचला. तिचा चेहरा पडला.

"या मावशी नाहीत," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"मावशी असलं काही लिहायच्याच नाहीत! मावशींना काहीतरी झालंय हो. कुणीतरी भलताच माणूस त्यांच्या नावाने लिहितोय!"

उपसंपादक कचेरीत जाऊन टेबलाशी बसतात न बसतात, तोच दारातून बायको आत आली. ते खुर्चीवरून सरळ फायलींच्या कपाटामागे गेले. ती तरातरा संपादकांच्या खोलीत शिरली आणि दार अर्धवट उघडंच राहिलं.

"मावशी कुठे आहेत? खरं सांगा!"

"अहो बाई, त्या... जरा..." संपादकांचा आवाज चाचपडला.

"आई गेली तेव्हा मी दिवसभर एकटीच घरात बसून असायचे. हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. बोलायला कुणी नाही. पेपरात शेवटी मावशी लिहायच्या, 'जपा हं पोरींनो.' मला वाटायचं, मलाच म्हणतायत." आणि ती रडू लागली.

कपाटामागे उपसंपादकांचा डोक्याकडे निघालेला हात मध्येच थांबला. ते बाहेर यायला पाऊल उचलणारच होते. सगळं सांगून टाकणार होते. पण 'जपा हं पोरींनो' ही ओळ जागा भरायला टाकलेली होती, हे या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? मिशा असलेल्या तोंडाने? पाऊल मागे आलं.

"मावशी निवृत्त झाल्या," आतून संपादकांनी एकदाचं ठोकून दिलं. "वय झालं होतं. हे शेवटचं त्यांना धड सुचलं नाही."

"मग आता आम्ही कुणाकडे बघायचं?"

मग संपादकांचा बदललेला आवाज आला. "तुम्हाला त्यांचे सगळे उपाय पाठ आहेत म्हणता?"

"झोपेत विचारा!"

"मग तुम्हीच का लिहीत नाही? फक्त अट एकच. कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही!"

"अगं बाई! मी?" बायकोने नाक ओढलं, डोळे पुसले. "लिहीन की. पण माझीही एक अट आहे. मावशी थोर होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. मी साधी बाई आहे. मी घरी करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही!"

संध्याकाळी उपसंपादक घरी आले, तेव्हा बायको गुणगुणत होती.

"आज काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"छे! कुठे काय! तुमचं?"

"छे! कुठे काय!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही खूश. डोक्याला कुणी हात लावेना, तेव्हा डोकं आपोआप निवलं. मुंग्या गेल्या. सदर हातून गेलं याचं दुःख थोडं होतं, पण बायकोच्या चेहऱ्यावर आलेलं तेज पाहून तेही मावळलं. उपसंपादकांनी देवापुढे मनापासून डोकं टेकलं. बऱ्याच दिवसांनी न खाजणारं!

मग एके दिवशी, सदर बायकोकडे गेल्यानंतर मावशींच्या नावाने आलेला पहिला प्रश्न छपाईपूर्वी तपासायला त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो हसत वाचला. 'मावशी, ओठावरची लव समूळ जाण्यासाठी घरगुती उपाय सांगाल का?'

हसू अर्ध्यावरच थिजलं.

घरी पोचले, तेव्हा स्वयंपाकघरातून लिंबाचा आणि करपलेल्या साखरेचा वास येत होता. बायको वाटीत काहीतरी चिकट घोटत बाहेर आली. तिने आधी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. मग नजर जराशी खाली आणली, आणि तिथेच स्थिरावली.

"अहो, जरा बसा बरं खुर्चीत."

"क... कशाला?"

"बसा तर! थोडं चुरचुरेल."

परवा उपसंपादक मला रस्त्यात भेटले होते. त्यांनी हाक मारली नसती, तर मी ओळखलंही नसतं. एक मात्र खरं, मंडळी. मावशींना मिशा आहेत हे गुपित आता कधीच फुटायचं नाही. पुरावाच उरला नाही!