हरीमामा रॉड आणतात

आमचे हरीमामा वेल्डिंगचे रॉड घ्यायला भिवंडीच्या बाजारात निघाले की बरोबर एक साक्षीदार नेत. पैसे विसरतील, सायकलची किल्ली विसरतील, एकदा तर एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात मामीची सपाता घालून गेले. पण साक्षीदार कधी विसरले नाहीत. दुकानदार उद्या म्हणाला, "तुम्ही हे मागितलंच नव्हतं," तर "मागितलं होतं" असं छातीठोक सांगणारा माणूस हजर पाहिजे, एवढंच त्यामागचं कारण. लोक जमीन घेताना साक्षीदार नेतात. मामांना तो पाकीटभर रॉडसाठी लागायचा.

बहुतेक वेळा हा मान माझा असे. मी नुकताच जकात नाक्यावर कारकून म्हणून लागलो होतो. सकाळची पाळी असली की दुपारपर्यंत मोकळा व्हायचो, आणि लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे मामांच्या मते मला काहीच काम नव्हतं.

"चल भाच्या, साक्षीला," म्हणून ते सायकल दारात उभी करत. मी मागच्या कॅरिअरवर बसे. राहनाळपासून बाजारापर्यंत मामा वाटेत मला तालीम देत. "मी काय मागणार हाय?"

"बिडाचे रॉड."

"मंग ध्यानात ठेव. कोर्टात बी हेच सांगायचं."

कोर्टापर्यंत प्रकरण कधी गेलं नाही, पण मामांची तयारी पक्की होती.

राहनाळला रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. गेट, खिडक्यांचे गज, नांगराचा फाळ, मागाचे मोडके भाग, जे येईल ते मामा जोडत. त्यातलं नाजूक काम बिडाचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दिसायला दणकट, पण काचेसारखं तडकणारं. त्याला रॉड वेगळा लागतो. साध्या लोखंडाचा रॉड वापरला तर जोड आधी छान दिसतो आणि गार होताना 'टण्ण' करून फुटतो. तो 'टण्ण' मामांच्या फार जिव्हारी लागे. घरात वाटी पडली तरी दचकून म्हणत, "काय तडकलं?"

आता एवढी साधी गोष्ट, पण दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांच्या गळी उतरायची नाही. त्या काळात भिवंडीत माणसं कामावर लागायची आणि सुटायची, त्याला सुमार नव्हता. काल कापडाच्या गठ्ठ्यावर बसलेला माणूस आज रॉड विकायला बसे. एकानं मामांना सांगितलं, "बिडी समोर पानवाल्याकडे मिळेल." दुसरा बराच हुशार, तो म्हणाला, "बीडचा माल आमच्याकडे येत नाही, आमचा सगळा मुंबईचा." एकजण तर रॉड हातात घेऊन इतक्या भक्तिभावानं न्याहाळत होता, की मामा म्हणाले, "बाबा, उदबत्ती न्हाय ती. देवापुढं लावशील तर देव पळंल." वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायची काळी काच मागितली तर एकानं गॉगल काढून दिला आणि वर "चेहऱ्याला शोभेल" असंही म्हणाला.

म्हणून मामांनी एक पद्धत काढली होती. वस्तू मागून झाली की ते गल्ल्यावर दोन्ही कोपरं टेकत आणि म्हणत, "समाजलं? मंग सांग, मी काय मागितलं?" समोरच्यानं पाठ म्हणून दाखवल्याशिवाय ते पैसे काढत नसत. मागे गिऱ्हाइकांची रांग लागे. रांगेतलेही कधी कधी कंटाळून एका सुरात म्हणत, "बिडाचे रॉड!" मग मामा खूश होत. "बघ, सगल्यांना समाजलं."

मामी म्हणायच्या, "बाजारात पाठ घेतात नि घरी मीठ आणाया सांगितलं तर साखर आणतात. मी कुठला साक्षीदार आणू?"

मामांचंही नेहमी बरोबर असे, असं मात्र नाही. एकदा दुकानातल्यानं मुकाट बरोबर पाकीट दिलं, तर इतक्या सहज बरोबर मिळणं शक्यच नाही, म्हणून ते भांडून चुकीचं घेऊन आले. ते प्रकरण शेडमध्ये काढलेलं त्यांना आवडत नसे.

अशात दुकानात यासीनभाई आले. पन्नाशीचा, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेला माणूस. आधी मागावर होते, आता गल्ल्यावर. चेहऱ्यावर कायम हसू आणि तोंडात एकच उत्तर, "जी भाईसाब, बिलकुल!" मामा पहिल्या दिवशी भारावले. इतका समजूतदार माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. नेहमीप्रमाणे कोपरं टेकून त्यांनी विचारलं, "सांग, मी काय मागितलं?"

यासीनभाई नम्रपणे म्हणाले, "वही, जो आप बोले."

यात खोट काढायला जागाच नव्हती. मामा पैसे देऊन बाहेर पडले. पाकीट साध्या रॉडचं निघालं.

पुढच्या खेपेला गॅससाठी कार्बाइड मागितलं, रॉड धरायचा होल्डर मिळाला. त्याच्या पुढच्या खेपेला काच मागितली, कार्बाइड मिळालं. दर वेळी तेच हसू, तेच "बिलकुल". मामांनी शेठकडे तक्रार केली. जयंतीशेठ म्हणाले, "हरीभाऊ, तुमच्याशिवाय कोणाची तक्रार नाय. पण तुम्ही जुनं गिऱ्हाईक. आणखी एकदा असं झालं तर सांगा, त्याच दिवशी काढून टाकतो."

आणि ते झालंच. भात झोडून झालेलं, दिवाळीनंतरचे दिवस. अंबाडी गावातल्या भातगिरणीचं बिडाचं मोठं चाक तडकलं. आसपासच्या गावांची पोती गिरणीच्या ओट्यावर येऊन पडलेली. गिरणीवाला चाक घेऊन मामांकडे धावत आला. नेमके त्या दिवशी मामा तापानं पडले होते, मला रजा नव्हती. त्यांनी शेजारच्याला चिठ्ठी न देता तोंडी सांगून पाठवलं, आणि त्यानंही गल्ल्यावर 'बिडाचे रॉड'च मागितले असं मामा समजून चालले. प्रत्यक्षात तो म्हणाला होता, "हरीमामांचा नेहमीचा माल." यासीनभाईंनी, पहिल्या दिवशी दिलं होतं तेच, साध्या रॉडचं पाकीट दिलं. अंगात ताप, डोळ्यांत पाणी. मामांनी पाकीट न बघता चाक जोडलं. अंबाडीला ते गिरणीवर चढवलं, पट्टा फिरला, आणि 'टण्ण'!

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकाचा मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून मामा माझ्या दारात उभे. ताप उतरला होता, चेहरा लालच होता.

"चल साक्षीला. आज शेवटचं."

दुकानात पोचलो तेव्हा शेठ जेवायला घरी गेले होते. गल्ल्यावर यासीनभाई एकटे. मामांनी जे तोंड सोडलं, ते शेजारच्या तेलाच्या दुकानातले लोक बाहेर येऊन ऐकू लागले. यासीनभाई मान हलवत होते. "जी भाईसाब, बिलकुल." मामा म्हणाले, "तुझी नोकरी आज जाणार." यासीनभाई म्हणाले, "बिलकुल," आणि पाठ वळवून फळीवरून पाकीट काढू लागले.

मामा बघतच राहिले. मग त्यांनी गोणपाट सोडलं आणि तो बिडाचा तुकडा जोरात गल्ल्यावर आदळला. मी उडालो. बाहेरचे लोक दोन पावलं मागे सरले. छपरावरचा कावळासुद्धा उडाला. यासीनभाई फळीवरची धूळ फडक्यानं टिपत होते. शांतपणे पाकीट घेऊन वळले आणि हसून म्हणाले, "और क्या दूँ?"

मामांनी हळूच स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि प्रश्नार्थक मान हलवली.

यासीनभाईंचं हसू गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते पहिल्यांदाच जाताना मी पाहिलं. त्यांनी आधी रस्त्याकडे, शेठ येतात का, ते पाहिलं.

मी विचारलं, "यासीनभाई, तुम्हाला ऐकू येत नाही?"

ते चटकन माझ्याकडे वळले. "तुम्हारी बात समझ में आती है. सबकी आती है." मग मामांकडे बघून संकोचानं म्हणाले, "इनकी नहीं आती. मूँछ है ना."

मामांची मिशी म्हणजे मिशी नव्हती, ओटीवर उतरलेलं पडवीचं छप्पर होतं. वरचा ओठ तिनं झाकला होताच, खालच्याचाही बराचसा भाग तिच्या ताब्यात होता. त्या मिशीमागे ओठ काय हालचाल करतात ते मामींनाही ठाऊक नसावं.

"सारी उमर लूम पर गयी," यासीनभाई मला सांगू लागले. "वहाँ कौन सुनता है? इतना शोर. सब होंठ देखके बात करते हैं. कान कब गये, पता भी नहीं चला. फिर छाती खराब हुई, डॉक्टर बोला लूम छोड़ दो. यहाँ लग गया. रॉड की पहचान भी नहीं थी, पूछता किससे?"

"मग शेठना सांगितलं का नाही?"

"सेठ समझता है मैं बेवकूफ हूँ," ते म्हणाले. "बेवकूफ को तो लोग रख लेते हैं. बहरे को कौन रखेगा?"

मामांनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि गल्ल्यावरच्या तुकड्याकडे बघत राहिले. तेवढ्यात जयंतीशेठ ढेकर देत आत आले. बाहेरची गर्दी, गल्ल्यावरचं फुटकं बीड, मामांचा चेहरा. त्यांना सांगायची गरज नव्हती.

"झालं ना परत? याचा हिशोबच करतो आता. यासीन!"

"थांबा शेठ," मामा म्हणाले. "चूक माझी हाय."

"तुमची?"

"मीच साधे रॉड मागवले. तापात होतो. त्यानं बराबर दिले."

शेठ मामांना बरीच वर्षं ओळखत होते. त्यांनी मामांकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळले. "तुम्ही साक्षीदार ना? खरं काय?"

यासीनभाई माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"मामांनी साधेच मागवले," मी म्हणालो.

"हरीभाऊंची चूक!" शेठनी हात जोडले. "आज पेढे वाटायला पाहिजेत."

बाहेरचे लोक हसले. उद्या राहनाळभर ही गोष्ट होणार, हे मामांना कळत होतं. त्यांनी बिडाच्या रॉडचं पाकीट फळीवरून स्वतः उचललं, यासीनभाईंच्या डोळ्यांपुढे धरलं, त्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं, आणि आम्ही निघालो. एसटीनं अंबाडीला जाऊन त्यांनी गिरणीच्या ओट्यावरच भट्टी लावली, चाक तापवलं, जोडलं, राखेत गार केलं. खोळंबलेले लोक काय काय बोलले. मामा एकालाही उलट बोलले नाहीत. "माझी चूक झाली," एवढंच म्हणत राहिले. चाक फिरलं, तांदूळ पडू लागला, तेव्हा कुठे ते खाली बसले.

दोन-तीन दिवसांनी मी मामांकडे गेलो, तर त्यांच्या अंगणात ही गर्दी. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. मामा ओटीवर, सगळ्यांच्या मधोमध, ओशाळून बसले होते. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. मिशी गायब. आमच्याकडे मिशी काढतात ती घरातलं वडीलधारं माणूस गेलं की.

एक म्हातारे त्यांना खडसावत होते, "अरं, बाप तुझा कवाच गेला. आता कोणाच्या नावानं काढलीस?"

"कोण न्हाय गेलं, आजा," मामा म्हणाले. "ठिणगी उडाली. एक बाजू जळली. मंग दुसरी ठेवून काय करू?"

लोकांना पटलं. चहा पिऊन एकेक उठले. मामींनी मला आत बोलावलं. "ठिणगी काय सरळ रेघेत जाळते रं? मना लग्नात सांगत होते, मान कापीन पण मिशी न्हाय. काय झालं हाय त्यांना?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही." मामीपुढे खोटं बोलणं शेठपुढच्यापेक्षा अवघड गेलं.

त्या आठवड्यात पुन्हा "चल साक्षीला" झालं. दुकानात ही झुंबड होती. शेठ फोनवर ओरडत होते, हातगाडीवाले बाहेर सळ्या उतरवत होते. यासीनभाईंनी मान वर केली. मामांच्या उघड्या पडलेल्या ओठांकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. हातातलं पाकीट त्यांनी सावकाश खाली ठेवलं.

मामांनी मागितलं. आवाज अजिबात नाही. नुसते ओठ हलले, सवय नसल्यासारखे, जरा जास्तच. यासीनभाईंनी वळून बरोबर पाकीट काढलं. मामांनी पैसे दिले. आता निघायचं, म्हणून मी सायकलकडे वळलो, पण मामा हलेनात. ते गल्ल्यावर वाकून आणखी काही तरी बोलत होते. यासीनभाईही तसेच, ओठांनीच, उत्तर देत होते. मग मामांनी काही तरी सांगितलं आणि दोघं एकदम हसू लागले. यासीनभाईंना हसता हसता खोकला आला, डोळे पुसावे लागले.

शेठ फोनवर हात ठेवून म्हणाले, "काय झालं रे?" कोणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मामांच्या अगदी शेजारी उभा असून मलाही नाही.

परत येताना कॅरिअरवरून मी विचारलं, "मामा, काय बोललात त्यांच्याशी?"

"तुला काय करायचं हाय?" मामा म्हणाले, आणि राहनाळ येईपर्यंत मधूनमधून एकटेच हसत राहिले.