चार इंचांची वाकळ

आबासाहेबांनी गिरणीच्या फोल्डिंग खात्यात एकतीस वर्षं कापड मोजलं आणि निवृत्त झाल्यावर मोजायला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं स्वतःचं घर तेवढं उरलं. भाकरीला किती पीठ, बंबाला किती जळण, सगळ्याची रोज तपासणी सुरू झाली. दीड महिन्यातच मुक्ताबाईंनी देवाला साकडं घातलं की, यांना परत कामावर घ्यायची बुद्धी कुणाला तरी दे.

त्यात अकलूजहून पत्र आलं. लेक शालन सासरी दुसऱ्यांदा बाळंत झाली होती, गुरुवारी बारसं. मुक्ताबाईंनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं, तसे आबासाहेब खुर्ची ओढून समोर बसले. पहिल्या नातीच्या बारशाला मुक्ताबाईंच्या हातची वाकळ नेली होती, आणि विहीणबाई बजाबाई ती सगळ्या पाहुण्यांपुढं उलगडून म्हणाल्या होत्या, “सोलापूरची म्हनं. एक कोपरा बार्शीकडं, एक विजापूरकडं.” तो शब्द आबासाहेबांना दोन वर्षं सलत होता. या खेपेला बजाबाईंपुढं मान खाली जाता कामा नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

“ह्या टायमाला तू हात लावू नगंस,” ते म्हणाले. “काम शास्त्रशुद्ध व्हायला पायजे.”

“वाकळीला कसलं आलंय शास्त्र?”

“म्हनून तर बजाबाई बोलली.”

पुढं वाद नव्हता. आबासाहेबांनी पुठ्ठ्याचा चौकोन कापला. तुकडा चार इंचांचा, चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीला, म्हणजे साडेचार. रुंदीला आठ, लांबीला बारा, एकूण शहाण्णव तुकडे. वेळ थोडा म्हणून गल्लीतल्या शिवबाई, दगडाबाई आणि बसव्वा यांच्यात बत्तीस-बत्तीस वाटून टाकले आणि दारात उभं राहून भाषणही दिलं. “शिवणीला पाव इंच सोडायचा. दोऱ्याचासुदिक फरक चालायचा न्हाय.”

तिघींनी ते फार मनावर घेतलं, आणि घात तिथंच झाला. शिवबाईंनी पुठ्ठ्याबरहुकूम तुकडे कापले. साहेबांचा पुठ्ठा दुमडू नये म्हणून तो ट्रंकेत ठेवला आणि दगडाबाईला नमुना म्हणून कापलेला एक तुकडा पाठवला. दगडाबाईनं त्याला इमानदारीनं पाव-पाव इंच शिवण सोडली आणि आपला एक तुकडा बसव्वाकडं दिला. बसव्वाही काही कमी इमानदार नव्हती.

सोमवारी तिन्ही गठ्ठे ओसरीवर मांडले, तर एक साडेचारचा, एक पाचाचा, एक साडेपाचाचा. आबासाहेबांनी टेप तीनदा लावून बघितला.

“हे काय केलंसा?”

“शिवणीला सोडाया नको व्हय?” दगडाबाई म्हणाली.

“तुमीच सांगितला की,” बसव्वा म्हणाली. “पाव इंच म्हणून. मोजून सोडलंय बघा.”

खोट काढायला जागाच नव्हती. प्रत्येकीचे तुकडे आपापसांत तंतोतंत होते. बायका निघून गेल्यावर आबासाहेबांनी ठरवलं की, आता सगळं आपणच साडेचारवर आणायचं.

“एकेक कापा,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“गिरणीत थप्पी कापत्यात.”

“गिरणीतली कातर ही हाय व्हय?”

 सोळा-सोळा तुकड्यांची थप्पी रचून आबासाहेबांनी कातर चालवली. वरचे तुकडे सरळ कापले गेले, खालचे सरकले आणि चारवर आले. मग सगळे चारवर आणणं भाग होतं. मंगळवारी पुन्हा थप्पी, पुन्हा खालचे सरकले आणि सव्वातीन झाले. बुधवारी सकाळी तिसरी थप्पी, त्यात खालचे अडीच झाले. दुपारपर्यंत सगळे तुकडे अडीच इंचांवर येऊन एकसारखे झाले, आणि आबासाहेबांचा चेहरा एवढासा झाला. मुक्ताबाईंनी तुकडे गोळा केले. बसव्वाच्या मशीनवर त्यांनी संध्याकाळपर्यंत वाकळ जोडली. ती परात झाकायच्या फडक्याहून जेमतेम मोठी भरली.

गुरुवारी अकलूजला आबासाहेब मागच्या रांगेत, खांबाआड बसले. पाळण्याशेजारी वाकळींचा ढीग पडला होता. बजाबाई एकेक घालून बघत होत्या, पण जी ती पाळण्याबाहेर लोंबत होती. शेवटी त्यांनी सोलापूरची उचलली. आबासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

बजाबाईंनी ती पाळण्यात अंथरली. चारी कोपरे चारी कोपऱ्यांत जाऊन बसले.

“अगं बया,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी पोराच्या बापाच्या मापाच्या आनल्यात. पावनं, पाळन्याचं माप कुनी दिलं तुमास्नी?”

आबासाहेब खांबाआडून पुढं आले. “माप द्यायला कशाला लागतंय? एकतीस वर्षं हेच केलं की.” मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला.

“मग आमच्या धाकट्या लेकीलाबी अशीच करा. तिला सातवा हाय. फकस्त तिचा पाळना जरा थोरला हाय.”

परतीच्या एस.टी.त आबासाहेब तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडेमोड करत बसले. मोडनिंब गेल्यावर मुक्ताबाईंनी विचारलं, “आता तरी एकेक तुकडा कापनार न्हवं?”

“खुळी हायस काय? बजाबाईच्या मनात भरलेली पद्धत मोडायची?” ते डोकं वर न काढता म्हणाले. “तिघींस्नी वाटायचं, थप्पी लावायची, समदं तसंच. पाळना थोरला हाय, म्हनून ह्या खेपेला दोनदाच चुकायचं.”