भिकोबा मुकादमाची हजेरी

दिवेलागण झाली की कर्जतच्या आमच्या रेल्वे-चाळीत भिकोबा मुकादम आपल्या मेलेल्या बायकोची हजेरी घ्यायचा. आणि ती द्यायची.

हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसत असे, पण दिवसा.

भिकोबा घाटातल्या, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम. बोगद्यात काम चालू असताना गाडी आली की माणसं भिंतीतल्या कोनाड्यांत अंग चोरून उभी राहायची. गाडी निघून जाई, धूर मागं राही. स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. त्या काळोखात भिकोबा एकेकाचं नाव घेई. ज्याच्याकडून 'हाय' आलं तो सलामत. सगळ्यांचं 'हाय' येईपर्यंत तो कुणाला पाय हलवू देत नसे.

इथवर ठीक होतं. पण हीच रीत त्यानं चाळीत आणली. संध्याकाळी चुलींचा धूर ओसरीत भरला की हा निघाला दारोदार.

"तुका, हायस का रं?"

"हाय."

"गंगे?"

"हाय, हाय! जाते कुठं मरायला?"

उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं दार नाही. मी पडलो मालधक्क्यावरचा कारकून, चार बुकं शिकलेला. एकदा ठरवलं, आज बोलायचंच नाही. आपण काय गँगमन आहोत?

"बाबू, आत हाव का?"

मी गप्प.

"बाबू, हाव का?" आवाज तोच. घाई नाही, राग नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ताटातलं पिठलं निवलं. आपण खरंच आपल्या घरात आहोत ना, अशी मलाच शंका येऊ लागली. शेवटी आमच्या मंडळींनी आतून सांगितलं, "आहेत हो मामा! असून नसल्यासारखे!"

"तसं चालंल," म्हणून तो पुढं गेला.

पुढं म्हणजे आमच्या शेजारची खोली. कुलूप लावलेली. पहिल्या मोठ्या लढाईच्या शेवटी तापाची साथ आली, तीत त्याची यमुना तिथंच गेली. एकट्याला एवढी खोली कशाला, म्हणून त्याला टोकाच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं. रोज तो त्या कुलपापुढं थांबे.

"यमे, हायस का गं?"

वाट बघे. मग बारीक, बाईमाणसाच्या आवाजात 'हाय' येई. त्याच्याच तोंडून येत असणार; पण त्याचे ओठ हलताना कुणी पाहिले नव्हते. एकदा मी मुद्दाम पाहायला बाहेर उभा राहिलो. पाहायचं तर डोळे उघडे लागतात, हे ऐनवेळी विसरलो.

एका दुपारी, भिकोबा घाटात असताना, ते कुलूप निघालं. इंजिनशेडातल्या एका खलाशाची नवी नवरी, खालापुराकडची सोना, राहायला आली. बायकांनी तिला नळ दाखवला आणि बजावलं, "मुकादम हाक मारंल, तवा हाय म्हन. नायतर दारातनं हलायचा नाय." यमुनेचं कुणी बोललं नाही. नव्या घरात शिरणाऱ्या पोरीला असलं कोण सांगतं?

संध्याकाळ झाली. धुरात त्याला कुलूप नसल्याचं दिसलं नसावं.

"यमे, हायस का गं?"

आतून लगेच, टवटवीत: "हाय!"

माझ्या हातातला तांब्या पडला. भिकोबानं चौकट धरली. मग विचारलं,

"जेवलीस?"

"कशाची जेवते, मामा? विस्तवच नाय. चूल पेटली नाय अजून."

'मामा' ऐकलं तसा त्याचा हात चौकटीवरून खाली आला. तो आपल्या खोलीत गेला, चुलीतले सगळे निखारे खापरात भरून घेऊन आला आणि उंबऱ्याशी ठेवले.

"नाव काय तुजं?"

"सोना."

"बरं. उद्यापास्नं सोने म्हनीन."

तो गेला. टोकाचं दार लागलं. त्या खोलीत आता उजेडही नव्हता. जो तो आपापल्या चुलीकडं वळला. सोना मात्र खापर घेऊन दारात उभी. एवढ्या लोकांची हजेरी झाली, एक माणूस राहिला, हे त्या नव्या पोरीच्याच ध्यानात आलं.

"आनि मामा, तुमी?" तिनं मोठ्यानं विचारलं. "तुमी हाव का आत?"

मग टोकाच्या अंधारातून रोज कुलपापुढं येई तेच बारीक, बाईमाणसाच्या आवाजातलं उत्तर आलं.

"हाय."