बंदुकीचा वायसर

अनुजा कॉटन ग्रीनच्या भंगारवाल्याकडे गेली होती ती शिलाई मशीनचं पायडल शोधायला. आली ती बंदूक घेऊन. (बायका बाजारातून भलतंच काहीतरी घेऊन येतात हे मान्य, पण निदान साडी तरी आणतात.)

बंदूक छर्‍याची होती. जत्रेत फुगे फोडायला असते ना, तीच. मधोमध मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा घालायचा, चाप ओढायचा, ठो! म्हणजे असं व्हायला हवं. ही नुसती फुस्स करायची आणि छर्रा शिंकरल्यासारखा पायाशी पडायचा.

"चोरावर रोखलीस तर तो रुमाल काढून देईल हिला," धनेश म्हणाला.

"हसा तुम्ही!" अनुजा म्हणाली. (सासूबाईंसमोर ती नवर्‍याला 'अहो' म्हणायची. एकटा सापडला की 'धनेश'. फार चिडली की 'धन्या'.)

सगळं सुरू झालं चाळीच्या मीटिंगमध्ये. सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा, संध्याकाळी स्टॉल. मंडळाचे अध्यक्ष अप्पा नेहमीप्रमाणे वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "खाण्याचं अनुजावैनींकडे."

त्याला कारण होतं. लालबागच्या त्या चाळीत अनुजा प्रसिद्ध होती ती बांगड्यांसाठी. रव्यात कुटलेलं तिरफळ घालून ती बांगडा तळायला लागली की तळमजल्यावरच्या माणसालाही तिसर्‍या मजल्यावर काहीतरी काम निघायचं. कौतुक सगळे करायचे. पण माणूस आयुष्यभर बांगड्यावरूनच ओळखला जायचा म्हणजे काय! चाळीशी उलटल्यावर हे असं मनाला लागायला लागतं.

"यंदा मी नेमबाजीचा स्टॉल लावणार," ती उठून म्हणाली. "कॉलेजात एनसीसीत होते मी. नेम होता माझा."

मीटिंग हसली. पहिला हसला धनेश. त्या क्षणी अनुजाने ठरवलं, की यंदा चाळीने आपलं नाव नेमासाठीच घ्यायचं.

आता घरात बंदूक होती आणि मोबाइलवर ती खोलायचा व्हिडिओ. त्यातला गोरा माणूस एका भल्यामोठ्या गॅरेजमध्ये काम करत होता. अनुजाकडे ओटा होता आणि त्यावर भिजत घातलेले वाल. गोरा माणूस मागचा स्क्रू काढताना काहीतरी कळकळीने सांगत होता, पण नेमका तेव्हाच कुकर शिट्टी देत होता.

स्क्रू सुटला. स्प्रिंगही सुटली. ती पत्र्याच्या डब्यांवर आपटली, तिथून पंख्याला लागली आणि मिठाच्या बरणीत उभी राहिली.

"काय गो फुटला?" बाहेरून सासूबाई.

"काही नाही आई, मीठ घेत होते!"

दुखणं मात्र सापडलं. आतल्या दट्ट्याला चामड्याचा वायसर होता, आणि तो वाळून पार आमसूल झाला होता. अनुजाला एकदम माहेरचा रॉकेलचा स्टोव्ह आठवला. पंपात हवा येईना की आई वायसर तेलात भिजत घालायची. आहे काय त्यात!

खोबरेल तेलाची बाटली घेतली तर थंडीने तेल गोठलेलं. गोडं तेल घ्यायला हात गेला, पण चांगलं तेल बंदुकीला कशाला? ओट्याखाली किटली होतीच. तळणीचं उरलेलं, छान घट्ट, काळपट तेल. वंगणच जणू! वायसर रात्रभर किटलीत डुंबला. सकाळी तो जागेवर बसवून वर दोन चमचे तेल तिने नळीतही सोडलं. (स्वयंपाकात तिचा हात सढळ म्हणूनच तर लोक जेवायला यायचे.)

सव्वीस तारखेला संध्याकाळी चौकात पूजा मांडली. केळीचे खांब, साजूक तुपातल्या शिर्‍याचा वास, भटजींची कथा रंगात आलेली. पलीकडच्या टोकाला गादी उभी करून अनुजाने फुगे लावले. दोरीबाहेर गर्दी जमली.

"पहिला बार मीच मारणार," ती म्हणाली.

"मागे सरका रे, रुमाल काढा," धनेश म्हणाला.

तिने श्वास रोखला. मधला लाल फुगा. चाप ओढला.

ठो!

असा आवाज की अप्पांच्या हातातला माइक पडला. नळीतून निळा धूर निघाला आणि लाल फुग्याची चिंधी गादीवरून खाली घसरली. अनुजाने मान वळवून फक्त धनेशकडे पाहिलं. बास, याचसाठी सगळं केलं होतं.

मग वास आला.

आधी जिन्यातली मांजर आली. मग तिच्या नात्यातल्या आणखी दोघी. भटजी शंख फुंकायला ओढावा तसा श्वास आत ओढून थांबले. अप्पांनी माइक उचलला.

"पूजेच्या दिवशी कोणाच्या घरात मासळी तळतायत? हे बरं नाही हां! कोण हाय..." ते मध्येच थांबले. डोळे मिटून त्यांनी हुंगलं. "एक मिनिट. बांगडा. रव्यातला. आणि रव्यात... तिरफळ!"

सगळ्या माना एकदम अनुजाकडे वळल्या.

"मी तळत नव्हते!" ती बंदूक उंचावून ओरडली. "मी नेम धरला होता! फुगा बघा ना!"

फुग्याकडे कोणी बघेना.

"अगं, तेल कुठलं घातलंस?" धनेशने हळूच विचारलं. "हवा दाबली की तापते, तेल पेटतं. डिझेल इंजिनात होतं तेच झालं. फक्त तू बांगड्यावर चालवलंस."

"किटलीतला तेल तू घेतलंस?" सासूबाई गर्दीतून पुढे आल्या. "आणि मी सकाळपासून मांजराक गाळी घालतंय!"

अप्पांनी भटजींकडे बघितलं. "आता हो?"

"पूजेला काही बाधत नाही," भटजी म्हणाले. "पण ते यंत्र जरा वारा जातो त्या बाजूला न्या. माझं काही नाही हो, यजमानांचं लक्ष लागत नाही."

बंदूक गेटबाहेर गेली, आणि स्टॉलची रांगही तिच्यामागे. एवढी गर्दी मंडळाने कधी पाहिली नव्हती. लोक एक बार मारायचे, धुरात नाक खुपसून उभे राहायचे आणि पुन्हा रांगेत लागायचे. फुगे तसेच हलत होते. "नेम धरा, नेम!" अनुजा घसा फोडून सांगत होती.

रात्री बक्षीस समारंभात अप्पांनी पुकारलं, "या वर्षीचा सर्वोत्कृष्ट स्टॉल... सौ. अनुजावैनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुजा पदर सावरत स्टेजवर गेली. डोळे भरून आले होते. शेवटी नेमाला मान मिळाला.

"विभाग," अप्पांनी चिठ्ठी वाचली, "पाककला."

बक्षीस होतं नॉनस्टिक तवा.

"बरं झालं," घरी जाताना धनेश तवा उलटसुलट करत म्हणाला, "यावर तेल कमी लागतं. आता बंदुकीला उरणार नाही."

"धन्या!" अनुजा म्हणाली.