अठरा व्होल्टची सोयरीक

"सुतार कशाला? एक दांडा तर बसवायचाय. मी बसवतो," असं त्साई वेनलुंग यांनी इस्पितळात जाहीर केलं, तेही शेजारच्या दोन खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्यांची बायको यूचिन न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, शुक्रवारी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, कमोडशेजारी भिंतीला दांडा हवाच. पुन्हा पडल्या तर उभ्या राहणं अवघड.

"आजवर एक खिळा सरळ ठोकला नाहीत," यूचिन म्हणाली.

"खिळ्याचं वेगळं. आता सगळं बॅटरीवर असतं."

जन्मभर बस चालवलेल्या माणसाला भोक पाडायचं यंत्र काय जड? युजिंगच्या बाजारातून त्यांनी एक हिरवं यंत्र आणलं. स्वस्तात मिळालं म्हणून वाटेत दोघांना दाखवलंही. घरी खोका उघडला, तर यंत्राची मूठ खालून पोकळ. बॅटरी नाही, चार्जर नाही. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फक्त यंत्र'. दुकानदाराला फोन केला, तर बॅटऱ्या संपलेल्या. पुढच्या आठवड्यात येतील म्हणे.

मग मेव्हणा आ-त्सुंग आला. आंब्याच्या बागेत फांद्या छाटायची त्याची करवतही बॅटरीवरची, पण दुसऱ्या कंपनीची, नारिंगी. तिची बॅटरी तो घेऊन आला होता.

"दाजी, माझी बॅटरी अठरा व्होल्ट, तुमचं यंत्र अठरा व्होल्ट. चिंता सोडा."

बॅटरी बसेना. पुढून, मागून, उलटी करून, कशीही.

"व्होल्ट तर सारखे आहेत," आ-त्सुंग पुटपुटला.

"इथे गल्लोगल्ली चेन आडनावाची माणसं राहतात. आडनाव सारखं म्हणून घर एक होतं का?" वेनलुंग म्हणाले. पण मनातून तेही खचले होते.

आड येत होती ती प्लास्टिकची एक बारीक कड. आ-त्सुंगने ती चाकूने तासली आणि वरून हातोडीचा एक ठोका दिला. बॅटरी खट्कन आत गेली. यंत्राने मात्र हूं की चूं केलं नाही. बॅटरी काढायला गेले, तर ती बाहेर येईना. वेनलुंगनी यंत्र धरलं, आ-त्सुंगने बॅटरी ओढली, दोघे ओट्यावर आपटले, पण यंत्राची आणि बॅटरीची फारकत काही झाली नाही.

"माझ्या छाटणीचं काय आता?" आ-त्सुंग हळूच म्हणाला.

शेजारच्या ल्यूकाकूंनी मुलाचं निळं यंत्र आणून दिलं. त्यात बॅटरी होती, पण पार उतरलेली. चार्जर मुलासोबत ताइचुंग शहरात. पोटात नारिंगी बॅटरी अडकलेलं हिरवं यंत्र आणि उतरलेलं निळं, असं सगळं टेबलावर मांडून वेनलुंग बसले होते, तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. शुक्रवार उजाडलेला त्यांना कळलाच नव्हता.

यूचिनने आत आल्याआल्या टेबलाकडे पाहिलं. आ-त्सुंगच्या बायकोने पाठवलेलं माशाचं सूप ती प्यायली. मग म्हणाली, "अहो, मला आत जायचंय."

कोरी भिंत. तिच्यावर पांढऱ्या फरश्या, एकही भोक नाही. ते बायकोला धरून आत गेले आणि भिंतीला पाठ लावून गुडघ्यांत वाकून उभे राहिले.

"खांदा धर."

तिने धरला. खांदा हलला नाही. बसली, उठली. उठताना तिचं सगळं वजन त्यांच्यावर आलं आणि ती नीट उभी राहिली.

"पडले असते तर?" तिने विचारलं.

"पडू दिलं नसतं." मग तिला बाहेर आणत, "उद्या सुताराला बोलावतो."

सुतार आला तो लांबलचक वायरचं जुनं यंत्र घेऊन. पिन खोचली, यंत्र घरघरलं. वेनलुंगनी मान फिरवली.

"दांडा किती उंचीवर हवा, वहिनी?" त्याने विचारलं.

यूचिन दारात काठी टेकून उभी होती. "अहो, जरा आत जा," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि कालच्यासारखे वाका."

वेनलुंग भिंतीला पाठ लावून वाकले. सुताराने त्यांच्या खांद्यालगत भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाला, "आता सरका बाजूला. तुमचं काम झालं."