कदमकाकूंचे तेलखडू

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण पेटलं की लोक वॉचमनला हाक मारत नाहीत, बी विंगमधल्या कदमकाकूंना फोन लावतात. काकू गाऊनवर ओढणी घेऊन खाली येतात, पिशवीतून तेलखडूंची पेटी आणि कोरे कागद काढतात आणि भांडणाऱ्यांच्या हातात एकेक कागद देतात. "बोलू नका," म्हणतात, "काढा."

मी या सोसायटीत, बेव्हर्ली पार्कात, राहायला आलो त्याच आठवड्यात हे पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई आणि तिसऱ्या मजल्यावरचे सावंत एका स्कूटरवरून एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचले होते. काकूंनी दोघांना जिन्याच्या पायरीवर बसवलं.

"मन में जो है वो कागद पे काढो. शब्द एक भी नहीं चाहिए."

"मावशी, मेरे को ड्रॉइंग नहीं आता," शहाभाई म्हणाले.

"गुस्से को कहाँ ड्रॉइंग आता है? काढो."

दोघं कुरकुरत कामाला लागले. सावंतांनी शहाभाईंचं पोट काढलं आणि त्याखाली चिरडलेली स्कूटर. शहाभाईंनी सावंतांना काढलं, पण माणूस काढायची सवय नसल्यामुळे त्याची बकरी झाली. मग काकूंनी कागदांची अदलाबदल केली. आधी सावंत हसले. शहाभाई बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले, मग तेही हसले. स्कूटर शेवटी कोणी हलवली ते मला आठवत नाही, पण ते पोटाचं चित्र भाईंदरला शहाभाईंच्या कापडाच्या दुकानात अजून लावलेलं आहे.

काकू मूळच्या गुहागरकडच्या. बुटक्या, गोल, आणि बोलायला लागल्या की थांबण्याची सोय नसलेल्या. दर रविवारी सकाळी त्या सोसायटीच्या ऑफिसात चित्रांचा वर्ग घेतात. फी नाही, आणि चित्र चांगलं काढलं तर कौतुकही नाही. कोणी डोंगर, नदी, नारळाचं झाड असं नीटनेटकं काढायला लागलं की काकू कागद ओढून घेतात. "हे कॅलेंडरवर असतं. तुझ्या आत काय आहे ते काढ." आणि एकदा का ते काढलं, की काकू त्याचा अर्थ लावतात. काकूंच्या मते माणसाच्या बहुतेक दुःखांचं मूळ पोटात असतं, त्यामुळे बहुतेक चित्रंही पोटाचीच असतात.

शहाभाईंनी एकदा समुद्र काढला. काकूंनी चष्मा वर करून पाहिला.

"ॲसिडिटी है."

"कैसे पता?" शहाभाई चकित झाले, कारण ती खरंच होती.

"लाटा बघा ना. ऊपर आ रही हैं."

मी त्या वर्गात गेलो तो माझ्या पायांनी नव्हे. तेव्हा माझ्या नोकरीच्या ऑफिसात नवा साहेब आला होता आणि माझ्या छातीत कधीही धडधडायला लागायचं. लिफ्टचं दार बंद झालं की वाटायचं, आता संपलं. ईसीजी काढला, तो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, गोळ्या घ्या, आणि कोणाशी तरी बोला. मी बोलणाऱ्यातला माणूस नाही. बायकोनं विचारलं तरी "काही नाही" म्हणायचो. एका रविवारी लिफ्टमध्ये घाम फुटलेला असताना काकूंनी मला पाहिलं, आणि तळमजल्यावर दार उघडल्यावर मनगटाला धरून थेट सोसायटीच्या ऑफिसातल्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"काकू, मला डॉक्टरांनी—"

"गोळ्या चालू ठेव. मी काय डॉक्टर नाही. जास्त झालं तर त्यांच्याकडेच जायचं. पण आत्ता हात मोकळे आहेत ना? काढ."

मी काळ्या खडूनं एक चौकोन काढला आणि त्यात एक छोटा माणूस.

"हा खोका कसला?"

"ऑफिस."

"दार कुठंय?"

"काढायचं राहिलं."

"मग काढ. नाहीतर संध्याकाळी घरी येशील कसा?"

त्यांनी हे इतक्या साध्या काळजीनं विचारलं, की मी खरंच दार काढलं. मग दाराला कडी काढली. मग दाराबाहेर रस्ता, रिक्षा, आमची बिल्डिंग, खिडकीत बायको. तासभर कसा गेला कळलं नाही. उठलो तेव्हा श्वास आपला आपण चालू होता, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागत नव्हतं. काकूंनी कागद हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "रात्री जेवण हलकं घे."

मी जात राहिलो. धडधड एकदम गेली नाही, पण ती आली की मी कुठल्याही कागदाच्या मागे गिरगटायला लागलो, आणि एक दिवस बायकोनं तसा एक कागद उचलून "हे काय?" विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. एवढं मला महिनोन्‌महिने जमलं नव्हतं.

काकूंच्या यजमानांना मात्र आमच्यापैकी कोणी ओळखत नव्हतं. ते आजारी असतात, खाली उतरत नाहीत, एवढंच ठाऊक होतं. "आमचे हे फारसे बोलत नाहीत," काकू म्हणायच्या, आणि सावंत आम्हाला डोळा मारायचे. काकूंच्या घरात राहून बोलायला मिळणार कोणाला?

मग एका रविवारी काकू आल्याच नाहीत. आम्ही खडू मांडून बसलो. शहाभाईंनी फोन केला, तो उचलला गेला नाही. शेवटी मी बी विंगमध्ये जाऊन यावं, असं ठरलं.

दार लोटलेलं होतं. "कोण? मिलिंद? ये आत," काकूंचा आवाज आला. त्या पलंगावर बसल्या होत्या. सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला होता आणि घोटा चांगलाच सुजला होता. खिडकीशी खुर्चीत काका. उंच, देखणा माणूस. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, डाव्या हातात खडू, पुढ्यात पाटी.

"अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून यांची वाचा गेली," काकू म्हणाल्या. "लिहिणंही गेलं. समजतं सगळं. हॉस्पिटलात एक मुलगी यायची यांना बोलायला शिकवायला, तिनं हातात खडू दिला. म्हणाली, शब्द येत नसतील तर चित्रं येतात का बघू. यांना आली. मग एक दिवस तिनं मलाही कागद दिला. मी म्हटलं, मला काय झालंय? तर म्हणते, तुम्ही काढून तर बघा. मी नुसता लाल रंग फासला, कागद फाटेपर्यंत. त्या रात्री किती दिवसांनी झोपले."

तेवढ्यात काकांनी पाटी वाजवली. त्यांनी काहीतरी लांबट काढलं होतं आणि त्यावर एक चौकोन.

"चहा हवाय?" काकूंनी विचारलं. काकांनी नाही अशी मान हलवली. "खिडकी लावू? गादी टोचतेय? अहो, मग पोट दुखतंय का?"

काका जोरजोरात मान हलवत होते. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. मी वाकून पाहिलं.

"काकू, हा पाय आहे," मी म्हणालो. "पायावर बर्फ ठेवायला सांगतायत."

काकांनी डोळे मिटून मान डोलावली, हुश्श केल्यासारखी.

काकूंनी मान वाकवून पाटीकडे पाहिलं. "माझ्यासाठी होय?" म्हणाल्या. "मी आपली यांचंच काय दुखतंय ते शोधत बसते."

मी फ्रिजमधून बर्फ काढला, रुमालात बांधला, त्यांच्या घोट्यावर धरला. काका बघत होते. रुमाल जरा सरकला की बोटानं दाखवत होते.

"आधी हेच बोलायचे," काकू म्हणाल्या. "बस चालवायचे ना, दिवसभरातले सगळे पॅसेंजर रात्री घरी घेऊन यायचे. मी नुसती हूं हूं करायची. लग्नात यांच्या मामांनी विचारलं होतं, मुलगी मुकी नाही ना? आता घरात दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं रे. मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं. दमायला होतं."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हणालो, "मग आज तुम्ही बोलू नका. मी बोलतो."

आणि मी बोललो. जन्मात कोणापुढे इतका बोललो नसेन. साहेबाबद्दल, त्याच्या मिशीबद्दल, कॅन्टीनमध्ये नव्या कॉन्ट्रॅक्टरनं सुरू केलेल्या उसळीबद्दल, ज्यात मटकी शोधावी लागते. काकू उशीला टेकून ऐकत होत्या. "हूं," म्हणत होत्या. "हूं." थोड्या वेळानं हूं यायचं थांबलं. पाहिलं तर मान एका बाजूला कलली होती आणि झोप लागली होती.

मी बोलणं थांबवलं. निघावं म्हणून उठणार, तोच काकांनी डावा हात वर केला. मला बसायची खूण केली. मग स्वतःच्या कानाला हात लावून बोटं गोल गोल फिरवली, पुढे काय झालं म्हणून विचारतात तशी.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि हळू आवाजात उसळीचं राहिलेलं सांगायला लागलो.