रकाना सातवा

कार्यालयातल्या एकशे बारा कर्मचाऱ्यांपैकी एकशे अकरा जणांचे अन्नाशी असलेले संबंध बिघडलेले आढळले. उरलेल्या एकाचं प्रकरण गंभीर होतं.

तो एक म्हणजे जुन्या फायली सांभाळणारे काका. भूक लागली की जेवायचे, पोट भरलं की डबा बंद करायचे. कुणी वाढदिवसाचा केक दिला तर खायचे, नाही दिला तर आठवणही काढायचे नाहीत. संध्याकाळी घरी एक सफरचंद मधोमध चिरायचे, पण मधोमध कधी जमायचं नाही. मोठी फोड ते लेकीकडे सरकवायचे, ती परत सरकवायची, आणि शेवटी ती कुणी खाल्ली हे दोघांनाही सांगता येत नसे. बायको गेल्यापासूनची चार वर्षं अशीच निघाली होती.

'संतुलित व लवचिक आहारदृष्टी' या नव्या धोरणाचा हेतू स्तुत्य होता. कर्मचाऱ्यानं खाण्याची भीती सोडावी, एवढंच. त्यासाठी प्रत्येक घासाची नोंद तक्त्यात करायची होती. रकाना सातवा : खाताना मनात आलेला विचार. काकांनी महिनाभर तिथे 'काही नाही' असं लिहिलं.

आहार-समुपदेशक बाईंनी त्यांना बोलावून मायेनं समजावलं. पहिली पायरी भीतीची, दुसरी मुक्तीची. पहिली गाळून दुसरी देण्याची नियमात तरतूद नाही.

"म्हणजे आधी भ्यायचं?"

"तात्पुरतं. सोडायला काहीतरी हवं ना, काका?"

मुक्तीचं प्रमाणपत्र नसणाऱ्याची बदली दूरच्या शाखेत होणार होती. तिथे देखरेखीखालची खानावळ होती. लेकीची नोकरी इथली. रोजचं सफरचंद एकट्यानं चिरावं लागेल, या विचारानं काका मुकाट भ्यायला बसले.

सुरुवातीला जमेना. शिपायानं सल्ला दिला की केकपासून सुरुवात करा, त्याला स्वतःला चार दिवसांत जमलं होतं. काकांना आठवडा लागला. मग पाव, मग मीठ. तिसऱ्या महिन्यात ते पाण्याच्या पेल्याकडेही संशयानं बघू लागले. शेरा मिळाला : 'प्रगती समाधानकारक.'

मग मुक्ती सुरू झाली. दर बुधवारी चार ते सव्वाचार मनसोक्त खाणे, दोन साक्षीदारांसमक्ष, हसतमुखाने. एकदा काका घास गिळण्याआधीच हसले, तर फेरपरीक्षा द्यावी लागली.

अखेर प्रमाणपत्र मिळालं : 'धारकाचे मन अन्नाबाबत मोकळे आहे. मुदत एक वर्ष.' बदली टळली.

त्या संध्याकाळी काकांनी सफरचंद चिरलं, दोन्ही फोडी वजनकाट्यावर ठेवल्या आणि वजनं लिहून घेतली. लेकीनं सवयीनं मोठी फोड त्यांच्याकडे सरकवली.

"थांब," काका म्हणाले. "नोंद चुकेल."

लेक थांबली. तिनं काट्यावरचा आकडा पाहिला.

"बाबा, आई गेली त्या दिवशीसुद्धा आपण जेवलो होतो."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते काका शोधत राहिले. फोडी काळ्या पडल्या.

सदर योजना आता सर्व नागरिकांसाठी लागू आहे. आपल्याला तक्ता मिळाला नसल्यास चौकशीला येऊ नये. मघाशी जेवणाचं पान संपवताना 'आज जरा जास्तच झालं' असं मनात आलं असेल, तर आपला सातवा रकाना भरून पोहोचला आहे.